सात नंबरचा एप्रन

१

सकाळच्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर एक पाय छापून आला होता.

नुसता पाय. करडा, जाळीजाळीचा, संगणकाच्या पडद्यावर दिसतो तसा, आणि गुडघ्याखाली एकदम संपलेला. शेजारी सगळ्या शहराच्या लाडक्या नर्तकीचा हसरा फोटो. वर मथळा: ‘ही नाचते कोणाच्या पायावर?’

“मेल्यांनो, तुमच्या घरात आरसे नाहीत का?” वन्सं वर्तमानपत्राला म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन वहिनींचा होता. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. घरात कोणी जन्मलं किंवा कोणी गेलं तरच ह्या बाईचा फोन यायचा, त्यामुळे वन्संनी आधी खुर्ची ओढून घेतली.

“वन्सं, पेपर पाहिलात?”

“समोरच आहे.”

“तो पाय आमच्या कारखान्यातला. म्हणजे त्याचं चित्र. ते मी बाहेर दिलं असं म्हणतायत सगळे. तुमचं तेच काम ना? मशीनमध्ये कोणाला काय दिसतं, कोणाला काय दिसत नाही. येता का?”

वन्संचं काम तेच होतं. लोकांच्या माहितीची कोठारं असतात, डेटाबेसचे सर्व्हर म्हणतात त्यांना. त्यांची कुलपं बसवायची आणि अडकली की सोडवायची. एखाद्या कचेरीत साहेबाला स्वतःचीच फाईल उघडेना, किंवा एखाद्या दवाखान्यात दारावरच्या माणसालाही सगळ्यांचे आजार दिसायला लागले, की वन्संना बोलावणं यायचं.

“येते,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो काही फार चांगला नव्हता. ‘आणि दिलं असेल तर?’

त्याला कारण होतं. आईची एक चांदीची फणी होती. आई गेली, कपाटाच्या किल्ल्या वहिनींच्या कमरेला आल्या आणि फणी नाहीशी झाली. ह्यावर घरात कोणी एक शब्द बोललं नाही. बोललेली गोष्ट शिळी तरी होते. न बोललेली रोज ताजी राहते.

२

कारखाना पायांचा होता. हातही बनत, पण पाय जास्त. आत शिरल्या शिरल्या वन्संना वरून टांगलेले पायच पाय दिसले, घोटे खाली करून, जणू वरच्या मजल्यावरून कोणी निवांत बसून खाली पाय सोडले आहेत. जमिनीवर प्लास्टरची पांढरी भुकटी, हवेत वितळलेल्या प्लॅस्टिकचा गोडसर वास. दाराशी खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर आकडा आणि प्रत्येक खुंटीला एक जाड एप्रन.

वहिनी सात नंबरचा एप्रन घालून उभ्या होत्या. तो त्यांना पोटऱ्यांपर्यंत येत होता. खिशातून एका जुन्या चष्म्याची दांडी डोकावत होती.

“चष्मा कधी लागला तुम्हाला?” वन्संनी विचारलं.

“माझा नाही. सात नंबरचा आहे.” वहिनींनी खांदे उडवले. “म्हणजे आता माझाच म्हणायचा.”

ह्या उत्तराचा अर्थ लावत बसायला वेळ नव्हता. कारखान्याच्या मालकीण डॉक्टरीणबाई दारात येऊन ठेपल्या होत्या. उंच, करड्या केसांच्या, बोलणं कात्रीसारखं.

“ह्यांनी सांगितलं तुम्ही नणंद आहात. नणंद भावजयीची चौकशी करणार?”

“नणंदेपेक्षा कडक चौकशी कोण करेल हो?” वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. “ठीक. ऐका मग. ती मुलगी पाय बसवून घ्यायला मागच्या दाराने यायची. एकच गोष्ट मागितली होती तिने माझ्याकडे, कोणाला कळू नये. आज संध्याकाळी ती येतेय. तिला एक नाव हवंय. ‘चौकशी चालू आहे’ वगैरे ऐकणार नाही ती, आणि मीही तिच्या जागी ऐकलं नसतं. सध्या माझ्याकडे एकच नाव आहे.”

त्यांनी टेबलावर एक छापील कागद सरकवला. सर्व्हरवरच्या त्या पायाच्या स्कॅनची, म्हणजे चित्राच्या फाईलची माहिती. वाचण्याचा हक्क: फक्त मालकाला. बाकी कोणाला काही नाही. तारीख: वहिनी नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या दिवसाची. आणि मालक म्हणून वहिनींचं नाव.

“हा कागद कोणी काढला?”

“सर्व्हर सांभाळणाऱ्याने. माझ्या धाकट्या भावाने काढायला लावला. पेपर हातात पडताच तो धावत आला. त्यालाच सुचलं, फाईल कोणाच्या नावावर आहे ते बघू या.”

वन्संनी मागे पाहिलं. वहिनी भिंतीला टेकून एप्रनचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. “मी ती फाईल उघडली नाही,” त्या म्हणाल्या. “अशी फाईल आहे हेही मला आज कळलं.”

“पण तुमच्याच नावावर आहे.”

“घरही माझ्याच नावावर आहे, वन्सं. विचारून बघा तुमच्या दादांना, घरात माझं किती चालतं.”

वन्सं सर्व्हरसमोर बसल्या. छापील कागदावर त्यांचा भरवसा नसे. कागद छापणाऱ्याचं ऐकतो. त्यांनी स्वतः आत जाऊन पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं.

कागद खोटं बोलत नव्हता. मशीनच्या मते ती फाईल वहिनींचीच होती.

३

सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे कुलूपदादा म्हणत. कोणी कसलीही तक्रार घेऊन गेलं की “कुलूप लावलंय” एवढंच उत्तर मिळे, म्हणून. गोल चेहऱ्याचा, तिशीतला. वन्संनी खुर्ची जवळ ओढली तशी त्याने आपली मागे घेतली.

“काय विचारायचं ते विचारा, वन्सं.”

सकाळपासून वहिनींच्या तोंडून तेच ऐकून सगळा कारखाना त्यांना वन्सं म्हणू लागला होता. एका अनोळखी बाप्याची नणंद होण्याचा योग वन्संना पहिल्यांदाच येत होता.

“ती फाईल मालकाशिवाय कोण उघडू शकतं?”

“मी. सर्व्हरचा मुख्य म्हणून मला सगळंच उघडतं. पण मी उघडली नाही. मी उघडली असती तर तशी नोंद राहिली असती, आणि नाहीये. बघा तुम्ही.”

वन्संनी आधीच पाहिली होती. नोंद नव्हती. कोणाचीच नव्हती. ह्या सर्व्हरवर ती फाईल कधी उघडल्याचंच दिसत नव्हतं. चोरी झाली, माल बाहेर गेला, आणि दाराचं कुलूप म्हणतंय की मला कोणी हातच लावला नाही. वन्संनी ही गोष्ट मनाच्या पदरात बांधून ठेवली.

“वहिनींच्या आधी त्या जागेवर कोण होतं?”

“साचेकाका. पायांचे साचे तेच करायचे. गेल्या थंडीत वारले.” कुलूपदादाचा आवाज जरा खाली आला. “चांगला माणूस. फक्त कुलपाचं वावडं. हात प्लास्टरने भरलेले असले की लांबून ओरडायचे, ‘अरे, माझा पासवर्ड टाक रे कोणीतरी! चिमणी, आणि पुढे शून्य!’ सगळ्या कारखान्याला पाठ होता. मी डोकं आपटून घ्यायचो. पण त्या नर्तकीची फाईल मात्र त्यांनी माझ्याकडून बंद करून घेतली होती. म्हणाले, पोरीला शब्द दिलाय, माझ्याशिवाय कोणाला दिसता कामा नये.”

“म्हणजे फाईल काकांची होती?”

“तेव्हा होती.” तो गोंधळला. “पण आता नाव तुमच्या वहिनींचं दिसतंय. आणि तारीखही त्यांच्या वेळची. त्यांनी आपल्या नावावर करून घेतली असणार.”

“कशी? मालकी बदलायला मुख्य माणसाचे हक्क लागतात. म्हणजे तुम्ही.”

कुलूपदादाचे कान लाल झाले.

वन्संनी पडद्यावरची यादी वर सरकवली, मग खाली. नर्तकीची फाईल. तिच्या खाली कोणा सुताराची. त्याच्या खाली एका शाळकरी मुलाची, फाईलच्या नावातल्या सालावरून तो एव्हाना बाप झाला असेल. सगळ्यांवर तीच तारीख. ‘वहिनी लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी’.

“त्या दिवशी तुम्ही सगळ्या शहराचे पाय मोजलेत का हो?”

“नाही... त्या दिवशी सर्व्हर बदलला. जुनं मशीन फार तापायचं. सगळं उचलून नव्यात आणलं. फाईलींच्या तारखा तशाच राखायला सांगायचं असतं, ते राहून गेलं. मग सगळ्यांवर हलवल्याची तारीख पडली.”

“हे बाईंना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही.”

तारीख गेली. पण नाव उरलं, आणि गळफास नावाचाच होता. जाता जाता वन्संनी विचारलं, “जुन्या मशीनचं काय केलंत?”

“फोडलं,” कुलूपदादा चटकन म्हणाला. “म्हणजे आतली डिस्क. हातोडीने. तसा नियमच आहे.”

प्रश्न संपायच्या आत आलेलं उत्तर. वन्संना असली उत्तरं बाजारातल्या चकचकीत फळांसारखी वाटत. आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही.

४

डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या भावाला सगळे भाऊसाहेब म्हणत. कारखान्याची जाहिरात त्यांच्याकडे. त्यांच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर कृत्रिम पायांची माणसं धावत होती, पोहत होती, टेकड्या चढत होती. खोलीत एकच मोठं टेबल, जमिनीपर्यंत लोळणारी निळी चादर घातलेलं.

“बसा, वन्सं, बसा! घरचीच माणसं आपण.” भाऊसाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. “वाईट झालं. फार वाईट. तुमच्या वहिनींबद्दल मला राग नाही हो. माणूस आहे, मोह होतो. मी ताईला म्हटलं, पोलिसांत नको जाऊ. नुसतं काढून टाक.”

“मोठं मन आहे तुमचं.”

“आता बघा ना.” टेबलावरचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. लगेच दुसरा वाजला. “सकाळपासून हेच. पेपरात आमचं नावसुद्धा नाही, तरी लोकांनी शोधून काढलं. जो तो विचारतोय, तिचा पाय तुम्हीच केला का? पाय नकली आहे हे कोणाला कळलंच नाही इतकी वर्षं! ह्यापेक्षा मोठी पावती काय असते? तिला मी केव्हाचा म्हणत होतो, एकदा, एकदाच, आमच्या पडद्यावर नाच.” मग त्यांना आठवलं की आपण दुःखी आहोत. “पण मार्ग चुकीचाच. प्रश्नच नाही.”

सगळ्या कारखान्यात सकाळपासून एकाच माणसाचं तोंड आतून उजळलेलं होतं, आणि ते वन्संच्या समोर बसलं होतं. पण हसण्याबद्दल कोणाला पकडता येत नाही.

“तुमच्याकडे कारखान्याच्या सर्व्हरचं खातं आहे?”

“आहे ना. पण मला काय उघडतं त्यात? कॅलेंडर. विचारा त्या कुलपाला.” हे खरं होतं. वन्संनी पाहिलं होतं. “मी बरा आणि माझी खोली बरी. इथे माझ्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही, झाडायलासुद्धा मी कोणाला येऊ देत नाही. चावी माझ्या खिशात.”

खोलीत उकडत होतं. खिडकी बंद, पंखा चालू, तरी वन्संच्या पायांना गरम वारा लागत होता. चादरीखालून कुठूनतरी येत होता, एखादं मांजर पायाशी बसून श्वास घेत असावं तसा. ह्या दिवसांत शेगडी कोण लावतं, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. संशय मात्र पोतंभर. वहिनींवर होता, कारण मशीन म्हणत होतं. कुलूपदादावर होता, कारण कान लाल झाले होते. भाऊसाहेबांवर होता, कारण ते गोड बोलत होते. डॉक्टरीणबाईंवरही थोडा ठेवला होता, कोणी राहायला नको म्हणून.

वहिनींच्या कामाच्या टेबलावर एक भिंग होतं. तयार पायाला बारीक चीर गेली आहे का ते त्यातून बघतात. वन्संनी तेच घेतलं, वर्तमानपत्र पसरलं आणि त्या छापील पायावर वाकल्या. चित्र म्हणजे पडद्याचा काढलेला फोटोच होता. खालच्या कडेला एक काळी पट्टी, धुरकट, छपाईत डाग पडला असावा अशी.

तो डाग नव्हता. स्कॅन दाखवणारा कार्यक्रम पडद्याच्या तळाशी एक ओळ लिहायचा: फाईलचा मालक कोण आणि ती केव्हा उघडली. अक्षरं मुंगीएवढी होती. भिंग वर-खाली करत वन्संनी ती लावली.

उघडल्याची तारीख गेल्या आठवड्यातली.

आणि मालक म्हणून नाव वहिनींचं नव्हतंच. नाव होतं साचेकाकांचं.

साचेकाका, जे थंडीतच गेले होते.

५

“भूत,” वहिनी म्हणाल्या.

दोघी खुंट्यांपाशी बाकावर बसल्या होत्या. बाकी मंडळी जेवायला गेली होती. कारखाना शांत होता आणि वरून टांगलेले पाय हळूहळू फिरत होते.

“भुताला पासवर्ड लागत नाही,” वन्सं म्हणाल्या. “माणसाला लागतो. आणि काकांचा पासवर्ड सगळ्या दुनियेला पाठ होता. पण दुनियेने टाकला तरी कुठे? नव्या मशीनवर काकांचं खातंच नाही. मी यादी पाहिली. तुम्ही ओळखत होता त्यांना?”

“मी बघितलंसुद्धा नाही त्यांना कधी. आदल्या दिवशी मी आले, दुसऱ्या दिवशी नवं मशीन आलं. जुन्याला माझा हातही लागला नाही.” वहिनींनी खिशातला चष्मा काढून मांडीवर ठेवला. “मला त्यांची खुंटी मिळाली. मग त्या खुंटीला होतं ते सगळं माझं झालं. एप्रन, हा चष्मा, खिशात पेपरमिंटची गोळी होती तीसुद्धा. गोळी मी खाल्ली, खोटं कशाला बोलू. चष्मा परत द्यायला विचारलं तर म्हणतात, सात नंबरचाच ना, मग तुमचाच.”

वन्सं त्या चष्म्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ.

“वन्सं? बरं वाटतंय ना?”

“परत म्हणा.”

“काय?”

“शेवटचं.”

“सात नंबरचाच ना, मग तुमचाच.”

वन्सं उठल्या आणि तरातरा सर्व्हरच्या खोलीत गेल्या. कुलूपदादा घास हातात धरून बसला होता.

“नव्या मशीनवर खाती उघडलीत तेव्हा प्रत्येकाला क्रमांक कसा दिलात?”

“सोपं केलं. खुंटीचाच नंबर दिला. जुन्यावरही तसंच होतं. काका तेवढे नव्हते, त्यांच्या जागी...”

घास हातातच राहिला. त्याच्याही डोक्यात उजेड पडत होता आणि तो त्याला सोसत नव्हता.

“आता खरं सांगा,” वन्सं म्हणाल्या, अगदी मायेने, आणि कुलूपदादाला मायेचीच भीती जास्त वाटली. “हातोडी कारखान्यात आहे तरी का?”

६

संध्याकाळी वन्संनी सगळ्यांना भाऊसाहेबांच्या खोलीत जमवलं. डॉक्टरीणबाईंना ते आवडलं नाही. “माझी खोली काय वाईट होती? ती येईलच इतक्यात.”

“इथला पडदा मोठा आहे,” वन्सं म्हणाल्या. “बाई, एक विचारते. तुमच्या एप्रनवर नाव का नाही? नुसता आकडा का?”

“माणसं बदलतात. एप्रन तेच राहतात.”

“मशीनचंही तसंच असतं. फाईलीवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं असं आपल्याला वाटतं. नसतं. तिथे फक्त एक आकडा असतो. आपण विचारलं, मालक कोण, की मशीन आपल्या यादीत बघतं, ह्या आकड्यासमोर आज कोणाचं नाव आहे, आणि ते आपल्याला दाखवतं. नर्तकीची फाईल काकांनी केली. तिच्यावर आकडा पडला सात. काका गेले, नवं मशीन आलं, फाईली आकड्यांसकट हलल्या. आणि नव्या यादीत सातासमोर नाव लिहिलं गेलं वहिनींचं. काकांच्या सगळ्या फाईली एका रात्रीत ह्यांच्या झाल्या. ह्यांना न विचारता, न सांगता. तो चष्मा आला तसाच.”

वहिनींनी नकळत खिसा चाचपला.

“म्हणजे काय,” भाऊसाहेब हसले, “आयत्या बिळावर नागोबा! पण बीळ कोणी का खणलेलं असेना, वन्सं, आत आज नागोबाच राहतो. फाईल उघडायचा हक्क आज ह्यांनाच आहे, हे तर खरं ना?”

“अगदी खरं. नव्या मशीनवर ह्यांनाच आहे.” वन्संनी कुलूपदादाला खूण केली. त्याने आपल्या चावीने ती फाईल मोठ्या पडद्यावर उघडली. करडा पाय भिंतभर झाला. खालच्या पट्टीत मालक म्हणून नाव आलं वहिनींचं.

“आता हे बघा.” वन्संनी वर्तमानपत्र आणि भिंग डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. “चोराने फोटो काढला त्या पडद्यावर काय नाव होतं?”

डॉक्टरीणबाई वाकल्या. सरळ झाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कात्रीसारखा नव्हता. “काकांचं. आणि तारीख गेल्या आठवड्यातली. हे कसं शक्य आहे?”

“एकाच तऱ्हेने. फाईल तीच, आकडा तोच. पण जिथे उघडली तिथल्या यादीत सातासमोर अजून काकाच आहेत. म्हणजे नव्या मशीनवर ती उघडलीच नाही, म्हणूनच तिथे नोंद नाही. उघडली ती जुन्या मशीनवर. काकांच्या खात्यातून, आख्ख्या कारखान्याला पाठ असलेल्या पासवर्डने. वहिनींचं नाव त्या मशीनने कधी ऐकलेलंच नाही.”

“पण जुनं मशीन फोडलं! मी सही केली आहे!”

कुलूपदादा आपल्या बुटांकडे बघत होता. “नाही फोडलं, बाई,” तो शेवटी म्हणाला. “मागितलं होतं माझ्याकडे. म्हणाले, पडद्यावर चित्रफिती दाखवायला हवंय, चांगली वस्तू कशाला मोडतोस. आतलं पुसायला मला वेळ झाला नाही. मग सांगायची हिंमत झाली नाही.”

“कोणी मागितलं?”

“मी मघाशी इथे बसले होते,” वन्सं म्हणाल्या. “पायांना गरम वारा लागत होता. मला वाटलं शेगडी आहे. पायांच्या कारखान्यात येऊन पायांचंच ऐकलं नाही मी.”

आणि त्यांनी टेबलावरची निळी चादर उचलली.

खाली काळी पेटी घुरघुरत बसली होती. तिच्या कडेला, खुंटीवरच्या आकड्यांसारख्याच पांढऱ्या रंगात, कारखान्याचं चिन्ह होतं. कुलूपदादाने वायर जोडली. वन्संनी स्वतः टाइप केलं, चिमणी आणि पुढे शून्य. पडद्यावर तोच पाय पुन्हा आला. पट्टीत नाव: साचेकाका.

“ताई,” भाऊसाहेब म्हणाले. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, फक्त त्याला आता तिथे काही काम नव्हतं. “तू फोन ऐकलेस ना सकाळपासून? हे सगळं मी कारखान्यासाठी... आणि ह्यांचं नाव मी घेतलं नाही. ते त्या कागदावर आलं. काकांचं येईल असं धरून चाललो होतो, मलाच आश्चर्य वाटलं.”

“वाटलं असेल,” वन्सं म्हणाल्या. “पण वाटलं तेव्हा गप्प बसलात.”

डॉक्टरीणबाई भावाकडे बघत राहिल्या. त्याला लहानपणी चालायला त्यांनीच शिकवलं असावं, अशा नजरेने.

बाहेर मागच्या दाराची घंटा वाजली. मग पावलं आली, एक, एक, सारखी. ऐकणाऱ्याला त्यातलं कोणतं खरं आणि कोणतं कारखान्यात घडलेलं, हे काही केल्या कळलं नसतं.

“चल,” डॉक्टरीणबाई भावाला म्हणाल्या. “तिला नाव हवंय. ते तूच सांग.”

७

दोघी परत खुंट्यांपाशी आल्या. वहिनींनी एप्रन काढला, झटकला, सातावर टांगला. चष्मा खिशातून काढून हातात घेतला.

“हा मी त्यांच्या घरी नेऊन देते. कोणाचा नंबर का असेना.”

“द्या,” वन्सं म्हणाल्या.

“एक विचारू? सकाळी तुमचा माझ्यावर विश्वास होता?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. दिवस चांगला गेला होता. “नव्हता,” वन्सं म्हणाल्या.

“मला माहीत होतं.” वहिनी हसल्या. किती वर्षांनी हसताना पाहिलं होतं त्यांना. “म्हणून तर तुम्हाला बोलावलं. विश्वास ठेवायला दादा आहेत. सकाळपासून घरी बसून ठेवतायत. त्याचा काय उपयोग? मला कोणाचंही खरं न मानणारं माणूस हवं होतं. असं माणूस आपल्या घरात एकच.”

वन्संना हा अपमान की मान ते ठरवता येईना. त्यांनी दोन्ही ठेवून घेतले.

दारापर्यंत गेल्यावर वहिनी थांबल्या. “आणि आईंची फणी.”

वन्संनी वळून पाहिलं.

“ती दादांनी सोनाराकडे डाग द्यायला नेली आणि वाटेत हरवली. तुम्हाला सांगू नको म्हणून हात जोडले माझ्यापुढे. कपाट माझ्या ताब्यात, तेव्हा नाव माझंच लागणार हे मला दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?”

“तुम्ही विचारलं कधी?” वहिनी म्हणाल्या, आणि दार उघडून उभ्या राहिल्या, वन्सं आधी जाव्यात म्हणून.

वन्सं मात्र जागच्या हलल्या नाहीत. “वहिनी,” त्या म्हणाल्या, “दादा आत्ता घरीच आहेत ना?”

“आहेत.”

“चला तर मग. ती चौकशी अजून बाकी आहे.”